आधी आलेले, मागून आलेले

लांजीचे २०२२ मधील ‘डबल मनी’ प्रकरण आपणांस स्मरतच असेल. आधी येणाऱ्याचा लाभ मागून येणाऱ्याने भरावा काय, हा प्रश्न मात्र जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. समुद्र हटवू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. युद्ध संपले, आणि १८६५ साली प्रेमचंद रायचंदांसारखे धनिकही बुडाले. मग उशिरा शिरलेल्यांची काय कथा! तरी त्या शेअरमागे निदान भरावाची जमीन होती. २००९ च्या बिटकॉइनमागे तेही नाही. २ कोटी १० लाख नाण्यांची मर्यादा प्रथमपासून जाहीर आहे, दुपटीचे वचन नाही; म्हणून त्यास मी लबाडी म्हणणार नाही. परंतु २०१० मध्ये दोन पिझ्झांसाठी १०,००० नाणी दिली गेली. आज त्यांतील एकासाठी लाखो रुपये मोजणारा आधीच्यांचा नफाच चुकता करीत असतो.