बाइकच्या इंजिनातून खळखळ आवाज येतोय? टायमिंग चेन टेन्शनर कसा बदलायचा आणि टायमिंग कसं जुळवायचं

आमच्या काटोल-कोंढाळी भागात बाइक फक्त कॉलेजला जायला नसते. मागे संत्र्याचा क्रेट बांधून ती पहिल्या-दुसऱ्या गिअरवर बागेतही फिरते. अशी गाडी जुनी झाली की इंजिनातून खळखळ सुरू होते आणि मिस्त्री सांगतो, "टेन्शनर गेला." टेन्शनर हा काहीशे रुपयांचा पार्ट आहे, पण बसवताना घाई केली तर हेड उघडायची वेळ येते. म्हणून हे काम नीट समजून घेऊ.

टायमिंग चेन आणि टेन्शनर म्हणजे काय?

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एकच फेरा फिरतो. कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. बहुतेक बाइकमध्ये या दोघांना जोडते ती टायमिंग चेन. ही इंजिनाच्या आत असते. मागच्या चाकाची चेन वेगळी.

वापराने टायमिंग चेन झिजून थोडी लांब होते. हा सैलपणा काढायला स्प्रिंगवर चालणारी एक दांडी चेनच्या पट्टीवर दाब ठेवते. तोच टेन्शनर.

जुन्या राजदूत, यझदी टू-स्ट्रोक होत्या. त्यांत व्हॉल्व्हच नव्हते, म्हणून ही चेनही नव्हती. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि नंतर फोर-स्ट्रोक घरोघरी पोचली.

आवाज नक्की कुठला?

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये सुरू करा.

- फक्त चालताना आवाज येत असेल तर आधी मागची चेन बघा.
- एकसारखी टिकटिक, जी रेससोबत वाढते: बहुधा टॅपेट.
- सुरू केल्यावर किंवा रेस सोडताना खळखळ, तीही चेन ज्या बाजूने जाते त्या बाजूला: टायमिंग चेन किंवा टेन्शनर.

आधी ऑइलची पातळी तपासा. ऑइल कमी असलं तरी इंजिन वाजतं. आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, काम झाल्यावर तुलना करता येते.

टेन्शनर कसा बदलायचा?

ही पद्धत ब्लॉकच्या मागे दोन बोल्टवर बसणाऱ्या टेन्शनरची आहे. स्प्लेंडरसारख्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनात रचना वेगळी असते. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघाच.

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चावी काढून ठेवा.
2. स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल.
3. अनेक गाड्यांत मॅग्नेट कव्हरवर दोन झाकणं असतात. मोठ्या झाकणातून पान्याने क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. छोट्या झाकणातून मॅग्नेटवरची 'टी' खूण कव्हरच्या खाचेसमोर आणा.
4. 'टी' खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते. आपल्याला कॉम्प्रेशनची हवी. तेव्हा दोन्ही टॅपेट थोडे सैल लागतात.
5. सगळ्याचे फोटो काढा. हा तुमचा बॅकअप.
6. टेन्शनर काढा. आता क्रँक अजिबात फिरवू नका, किक किंवा बटणही नाही. चेन सैल आहे, दात सुटू शकतो.
7. नव्या टेन्शनरची दांडी पूर्ण आत घ्या. स्क्रूच्या प्रकारात मागून स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून, खटक्याच्या प्रकारात खटका दाबून.
8. नवीन गॅस्केट लावा, बोल्ट आवळा, मग दांडी सोडा. एम6 बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात. जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

लक्षात ठेवा: खटक्याच्या टेन्शनरचे बोल्ट नुसते सैल करून परत आवळू नका. सैल होताच दांडी पुढे सरकते आणि मागे येत नाही. तसंच आवळलं तर चेनवर जास्त ताण येतो. तो पूर्ण काढा, दांडी आत घ्या, मग बसवा.

टायमिंग बरोबर आहे का?

बटण दाबायच्या आधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि 'टी' खूण परत खाचेसमोर आणा. कॅमच्या स्प्रॉकेटवरच्या खुणा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी हव्यात. बऱ्याच इंजिनांत त्या हेडच्या कडेला समांतर येतात. हे कॅम कव्हर उघडूनच नक्की दिसतं. फिरवताना कुठे अडलं तर तिथेच थांबा, जोर करू नका.

एक दात चुकला तर किती फरक? समजा कॅमच्या स्प्रॉकेटला 32 दाते आहेत. 360 भागिले 32 म्हणजे कॅमचे 11.25 अंश, म्हणजेच क्रँकचे 22.5 अंश. एवढ्याने गाडी सुरू व्हायला त्रास देते, पिकअप आणि मायलेज पडतं. जास्त दात चुकले तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकून व्हॉल्व्ह वाकू शकतो. हाताने फिरवताना तो अडल्याचं कळतं, सेल्फ मारल्यावर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ते दोन फेरे फुकट आहेत, हेडचं काम नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टेन्शनर बदलूनही आवाज येतो, का?
जुन्या टेन्शनरची दांडी पूर्ण बाहेर आलेली होती का बघा. तसं असेल तर चेनच लांबली आहे. चेन आणि तिच्या पट्ट्या बदलाव्या लागतील.

स्पार्कचं टायमिंगही सेट करायचं का?
नाही. सीडीआयच्या गाड्यांत ते ठरलेलं असतं, बीएस-6 गाड्यांत ईसीयू ठरवतो. पॉइंट सेट करायची पद्धत जुन्या गाड्यांची.

घरी करावं का?
मॅन्युअल, योग्य पाने आणि निवांत वेळ असेल तर टेन्शनर जमेल. चेन किंवा कॅम काढायचा असेल तर मिस्त्रीकडेच जा, आणि "दोन फेरे हाताने फिरवून खुणा दाखवा" असं जरूर म्हणा.