जन्मतारखेचे काम

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात वाचनालये पुष्कळ, व्याख्यानमाला त्याहून जास्त, आणि त्यांच्या कार्यकारिणीच्या बैठकांत एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. जयंत्या बंद कराव्यात. विचारवंत असो, कलावंत असो की शास्त्रज्ञ, त्याचे कार्य आठवावे. तो कोणत्या दिवशी जन्मला याच्याशी आपल्याला काय करायचे आहे? जन्म घेण्यात कोणाचेच कर्तृत्व नसते. शिवाय जयंती म्हटली की हार आला, फोटो आला, गुणगान आले, म्हणजे व्यक्तिपूजा आलीच. हे मत मांडणारी माणसे उथळ नाहीत. बहुतेक जण मनापासून वाचणारी आहेत आणि चौकाचौकांतल्या फलकांना व कर्ण्यांना विटलेली आहेत. म्हणूनच या मताचे खंडन नीट, त्याच्या सर्वांत बळकट बाजूपासून सुरुवात करून केले पाहिजे.

ती बळकट बाजू परंपरेची आहे. आपल्याकडे जन्मोत्सव देवांचे: रामनवमी, गोकुळाष्टमी, हनुमान जयंती. माणसांची, अगदी संतांचीही, आठवण त्यांच्या जाण्याच्या तिथीला. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदी, फाल्गुन वद्य द्वितीयेला देहू, फाल्गुन वद्य षष्ठीला पैठण, माघ वद्य नवमीला सज्जनगड. माणूस काय होता ते तो गेल्यावरच कळते, तेव्हा पूर्ण झालेल्या आयुष्याला वंदन करावे, असा त्यामागचा विचार. पूर्वपक्ष म्हणतो, वारकऱ्यांना जे सातशे वर्षांपूर्वी उमगले ते आम्ही इंग्रजी शाळेत जाऊन विसरलो.

विचार उदात्त आहे, पण त्याची किंमत आपण मोजली आहे. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ते शके १२१८ हे वर्ष पक्के. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली, हेही ग्रंथातच नोंदलेले. पण जन्म? एक परंपरा शके ११९३ सांगते, दुसरी शके ११९७. म्हणजे गीतेवरचे ते भाष्य पंधरा वर्षांच्या मुलाने सांगितले की एकोणीस वर्षांच्या तरुणाने, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चार वर्षांचा फरक किरकोळ वाटत असेल तर घरातल्या पंधरा वर्षांच्या आणि एकोणीस वर्षांच्या मुलांकडे पाहावे. तुकोबांच्या जन्मशकाबद्दल तर मतभेद आणखी मोठे आहेत. ज्या समाजाने अंत जपला आणि आरंभ जपला नाही, त्याला आपल्या सर्वश्रेष्ठ कवींची घडण कशी झाली हे शोधायला जागाच उरली नाही. त्यांचे चरित्र आपोआप चमत्कारांनी भरले. भिंत चालली, रेडा बोलला, या कथा लोकमनाने जिथे रचल्या तिथे वयाचा, शिक्षणाचा, वाचनाचा तपशील आधीच हरवला होता. जन्मतारीख नसते तिथे माणूस अवतार व्हायला वेळ लागत नाही. जयंतीमुळे व्यक्तिपूजा वाढते असे म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

शिवजन्माचा वादही इथे आठवतो. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, या प्रश्नाला पुष्कळ जण आजही राजकारण समजून बाजूला सारतात. पण टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीने १६३० सालाचा पुरावा पुढे आणला आणि जवळजवळ तीन वर्षांचा फरक ताडून पाहताना इतिहास-संशोधकांना किती बखरी, किती शकावल्या, किती पंचांगे चाळावी लागली! उत्सव होता म्हणून तारीख हवी होती, आणि तारीख हवी होती म्हणून कागद तपासले गेले.

ठाण्यातलेच उदाहरण घेऊ. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली ठाण्यात सुरू झाले, आणि ते उभे करण्यात पुढाकार होता विनायक लक्ष्मण भावे यांचा. 'महाराष्ट्र सारस्वत'कार भावे म्हटले की डोळ्यांपुढे जाडजूड ग्रंथाचा वयोवृद्ध कर्ता येतो. त्यांचे जन्मवर्ष १८७१. म्हणजे मराठी पुस्तके एका छताखाली जमली पाहिजेत असे वाटणारा हा माणूस तेव्हा एकविशीत होता. ही माहिती भावे यांना मोठे किंवा लहान करत नाही. आज संग्रहालयाची पायरी चढणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलाला मात्र ती काहीतरी सांगते, आणि त्यांच्या पुण्यतिथीतून ती कधीच निघाली नसती.

आता कल्याणकडे वळतो, कारण या मताचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो डॉ. आनंदीबाई जोशी यांना. दर ३१ मार्चला, त्यांच्या जन्मदिनी, कोणीतरी विचारतेच: त्यांनी वैद्यकी केलीच कुठे? रुग्ण तपासले किती? कल्याणात लहानपण गेले, नवव्या वर्षी लग्न झाले, पुढे नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, भुज, कलकत्ता. पदवी अमेरिकेत, मृत्यू पुण्यात, रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत. यात कल्याणचे काय आणि कार्य कोणते? पहिली भारतीय स्त्री डॉक्टर हा मानही वादाचा, कारण बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनी त्याच वर्षी, १८८६ मध्ये, वैद्यकाची पात्रता मिळवली आणि प्रत्यक्ष व्यवसायही केला.

कार्याच्या तराजूत आनंदीबाईंचे पारडे हलकेच ठरणार. पुण्यतिथी धरली तर २६ फेब्रुवारी १८८७ चा तो करुण शेवट तेवढा उरतो: क्षयाने खंगलेली मुलगी, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक हातात आणि ती स्वीकारायला अंगात बळ नाही. मराठी नाटक, कादंबरी, चित्रपट यांनी हा शेवट इतका रंगवला आहे की आनंदीबाई म्हणताच आपला गळा दाटतो आणि विचार थांबतो. पदवीदानाचा ११ मार्च १८८६ हा दिवस धरला तर 'पहिली' या शब्दाची भांडणे हाती लागतात. जन्मतारीख धरून मात्र हिशेब केला की चित्र बदलते. अमेरिकेला जाणाऱ्या बोटीत पाय ठेवला तेव्हा त्यांना अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी हातात आली तेव्हा एकविसावे वर्ष पूर्ण व्हायला वीस दिवस होते. चौदाव्या वर्षी त्यांनी आपले दहा दिवसांचे मूल गमावले होते. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्या निवडीमागे कोणता अनुभव होता हे समजायला वय माहीत असावे लागते.

आणि त्यांची जन्मतारीख कल्याणबद्दलही बोलते. १ मे १८५४ ला ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत आगगाडी आली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ३१ मार्च १८६५ ला जन्मलेली यमुना, म्हणजेच पुढची आनंदीबाई, अशा गावात वाढली जिथे रूळ होते, टपाल होते, पुस्तके होती, आणि मुलींनी ती वाचावीत असे मात्र जवळपास कोणालाच वाटत नव्हते. नवव्या वर्षी तिचे लग्न होऊ देणारे गावही हेच. कल्याणने तिला काय दिले आणि काय नाकारले, हा प्रश्न कल्याणकरांनी विचारला नाही तर कोण विचारणार?

माझा सगळ्यात भक्कम मुद्दा पुढचा आहे. डॉ. रखमाबाई यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. आनंदीबाईंपेक्षा त्या चार महिन्यांनी मोठ्या. दोघींची लग्ने बालपणी झाली. एकीच्या नवऱ्याने तिला शिकायला समुद्रापार पाठवले. दुसरीने नवऱ्याच्या घरी नांदायला नकार दिला, आणि आनंदीबाई गेल्या त्यानंतर काही दिवसांतच, मार्च १८८७ मध्ये, मुंबईच्या उच्च न्यायालयाने तिला सांगितले की नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाई कशालाच बधल्या नाहीत. पुढे लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली, आणि २५ सप्टेंबर १९५५ ला वयाच्या नव्वदीत त्या गेल्या. मृत्यूच्या तारखा घेऊन बसलात तर या दोघींमध्ये अडुसष्ट वर्षांची दरी दिसते. एक टिळक-आगरकरांच्या तरुणपणातली, दुसरी स्वतंत्र भारतातली. कोणाच्या मनातही येणार नाही की या दोघी एकाच शाळेत, एकाच बाकावर बसू शकल्या असत्या. हे सांगते ती केवळ जन्मतारीख.

हेच जरा लांबवून पाहा. पंडिता रमाबाई १८५८, काशीबाई कानिटकर १८६१, कादंबिनी गांगुली १८६१, रमाबाई रानडे १८६२, रखमाबाई १८६४, आनंदीबाई १८६५. आठ वर्षांच्या आत या सहा जणी जन्मल्या. हा योगायोग मानायचा का? पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठे १८५७ ची. या बायकांच्या घरांत, कुठे वडील, कुठे सावत्र वडील, कुठे नवरा, असा एक तरी पुरुष होता ज्याला नव्या किंवा जुन्या विद्येने बायकांच्या शिक्षणाकडे वळवले होते. रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर होते. रमाबाई रानडे यांना शिकवणारे न्यायमूर्ती रानडे मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी. काशीबाईंनीच पुढे आनंदीबाईंचे चरित्र लिहिले, म्हणजे या पिढीला आपण पिढी असल्याचे भानही होते. एकेकीला वेगळे उचलून 'पहिली', 'एकमेव', 'असामान्य' म्हटले की पूजा सुरू होते. सगळ्यांच्या जन्मतारखा शेजारी ठेवल्या की लाट दिसते, आणि लाट दिसली की ती कशी उठली हे शोधावे लागते. जन्मतारीख हा व्यक्तिपूजेवरचा उतारा आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

व्यक्तिपूजेवर मराठी मुलखात झालेला सगळ्यात तिखट हल्ला कुठे झाला, हेही विरोधकांनी लक्षात घ्यावे. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात गोखले सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. थोर पुरुष कोणाला म्हणावे, आदर आणि आज्ञापालन यांत फरक काय, गांधी-जिना यांच्याभोवतीच्या भक्तीने राजकारणाचे काय होते, या सगळ्यांची त्यांनी कठोर चिकित्सा केली. ते व्याख्यान 'रानडे, गांधी आणि जिना' म्हणून प्रसिद्ध आहे. प्रसंग होता रानड्यांच्या १०१ व्या जयंतीचा. बाबासाहेबांनी जयंतीचे निमंत्रण नाकारले नाही, आणि रानड्यांची आरतीही केली नाही. त्यांनी रानड्यांना आपल्या काळातल्या नेत्यांशेजारी उभे करून मापले. जयंती याच कामाची आहे, आणि ते काम करणारा वक्ता बोलावणे हे संयोजकांच्या हातात आहे. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतला आवाज ऐकून नाक मुरडणाऱ्यांना त्याच जयंतीच्या निमित्ताने मुले अठरा-अठरा तास अभ्यासाला बसतात, हे बहुधा ठाऊक नसते.

कोणी म्हणेल, मग कार्यदिन का नको? २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन रामन यांच्या जन्माचा नाही, १९२८ च्या शोधाचा आहे. ज्याच्या आयुष्यात असा एक लखलखीत दिवस असतो त्याच्यापुरते हे ठीक. पण भावे यांचा तो दिवस कोणता? डोंबिवलीत राहून अर्धशतकाहून अधिक काळ कथा लिहीत राहिलेल्या शं. ना. नवरे यांचा कोणता? ग्रंथपाल, शिक्षिका, कथाकार, भाषांतरकार यांचे काम रोज थोडे थोडे होत असते. त्याला शोधाची तारीख नसते. कार्यदिनाचा आग्रह धरला तर आपल्या दिनदर्शिकेत फक्त विजेते उरतील. वास्तूला नाव देणे हा पर्यायही अपुरा आहे. ठाण्यात गडकरी रंगायतन, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर. ही नावे आदराने दिली गेली, पण रोजच्या वापरात ती पत्ते झाली. पत्ता विचार करायला लावत नाही. तारीख वर्षातून एकदाच येते आणि कोणालातरी उठून दोन वाक्ये बोलावी लागतात. त्या दोन वाक्यांसाठी आदल्या रात्री एखादे पुस्तक उघडावे लागते, आणि ते उघडले जाते हे मी या शहरांतल्या छोट्या वाचनालयांत वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

तेव्हा माझी विनंती कार्यकारिणीत बसणाऱ्या मित्रांना आहे. जयंती बंद करण्याचा ठराव मागे घ्या. हार कमी करा, सत्कार तर पूर्णच काढून टाका. ३१ मार्च हा आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, बँकेतल्या-कचेरीतल्या माणसांना त्या संध्याकाळी उसंत नसते, हे खरे. मग कार्यक्रम लगतच्या रविवारी घ्या. त्या दिवशी आनंदीबाईंच्या पत्रांतली चार पाने मोठ्याने वाचा, सोबत रखमाबाईंच्या खटल्याची कहाणी सांगा, आणि १८६५ साली जन्मलेल्या कल्याणातल्या इतर मुलींचे काय झाले असेल हा प्रश्न शाळेतल्या मुलींसमोर ठेवा. वक्ता मिळाला नाही तर वाचनालयातल्याच एखाद्या वाचकाला उभे करा. पुस्तके तुमच्या कपाटात आहेत.