तडजोड, बाल-अत्याचार प्रकरणांतील

बालकावरील लैंगिक अत्याचाराची फिर्याद न देण्याबद्दल वा मागे घेण्याबद्दल आरोपी आणि पालक यांच्यात पैसा, विवाहवचन किंवा गावकीचा दाब यांच्या आधारे होणारा खाजगी करार. दिवाणी दाव्यातील तडजोड न्याय्य ठरते, कारण हक्क ज्याचा, तो सोडण्याचा अखत्यारही त्याचाच. येथे मात्र इजा बालकाची आणि सही पालकाची, आणि तीही अमरावती-अकोल्याकडील सालदारासारख्या, ज्याची रोजी मालकाच्या मर्जीवर टांगलेली आहे अशा पालकाची असेल, तर त्या संमतीला संमती म्हणणे कठीण आहे. शिवाय विकत घेतलेले मौन पुढच्या बालकालाही त्याच हातांत सोपविते.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ व २१ अन्वये असा गुन्हा माहीत असून न कळविणे दंडनीय आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात माहिती दडविल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील खटला नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला. पुढे ७ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजस्थानातील एका शिक्षकाच्या प्रकरणी, पालकांच्या समझोत्यावरून बालकावरील लैंगिक अत्याचाराचा खटला रद्द करता येत नाही, असे त्याच न्यायालयाने ठरविले.

गरजू कुटुंबाला पैसा लागतोच, हा आक्षेप खरा आहे. परंतु विशेष न्यायालयाची भरपाई आणि महाराष्ट्राची २०१३ ची मनोधैर्य योजना यांत मौनाची अट नसते.