महान मल्ल नेमकं कोणाला म्हणायचं? एक गदा पुरते का?

बॉक्सिंगमध्ये 'सगळ्यात भारी कोण' हा वाद कधीच संपत नाही. कोणी मुहम्मद अलीचं नाव घेतं, कोणी शुगर रे रॉबिन्सनचं, तर कोणी 50 पैकी 50 लढती जिंकणाऱ्या फ्लॉइड मेवेदरचं. आपल्याकडे हाच वाद कुस्तीवरून रंगतो. जत्रेतला हगामा असो की व्हॉट्सअपचा ग्रुप, 'त्याच्यासारखा पैलवान पुन्हा होणे नाही' हे वाक्य ऐकू येतंच. पण मल्लाला 'महान' ठरवतात ते कशावरून?

राजूरच्या तालुक्यातली गदा

डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी ओळखलं जाणारं राजूर नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात येतं. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावचा हर्षवर्धन सदगीर जानेवारी 2020 मध्ये 'महाराष्ट्र केसरी' झाला. पुण्याच्या बालेवाडीत झालेल्या स्पर्धेत तो नाशिककडून खेळला. मॅट विभागात त्याने 2017 चा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके याला हरवलं आणि अंतिम लढतीत लातूरच्या शैलेश शेळकेवर 3-2 अशी मात केली.

सदगीर आणि शेळके हे दोघेही अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांच्या तालमीतले पठ्ठे. निकाल लागल्यावर सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो महाराष्ट्रभर फिरला.

पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये धाराशिवला सदगीर पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला, पण शिवराज राक्षेने त्याला हरवलं. म्हणजे नावावर एक गदा, आणि जवळपास चार वर्षांनी पुन्हा गदेच्या लढतीपर्यंत मजल. अशा कारकिर्दीचं मोल कसं करायचं? त्यासाठी काही कसोट्या लावाव्या लागतात.

कसोटी पहिली : समोर कोण होतं?

नुसता जिंकलेल्या कुस्त्यांचा आकडा फसवा असतो. गावोगावच्या शंभर कुस्त्या मारणं वेगळं आणि आपल्या काळातल्या सर्वोत्तम मल्लाला हरवणं वेगळं. अलीची थोरवी यातच आहे. तो जो फ्रेझरकडून 1971 मध्ये हरला, पण नंतर त्याने फ्रेझरला दोनदा हरवलं. मध्ये 1974 साली त्याने तोवर अजिंक्य असलेल्या जॉर्ज फोरमनलाही नमवलं. त्याच्या खात्यात पराभव आहेत, तरी मोठ्यांच्या यादीत त्याचं नाव वरच असतं.

कुस्तीत हे उदाहरण गामा पैलवानाचं. 1910 साली लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची कुस्ती दोन तासांहून अधिक चालली आणि बरोबरीत सुटली. 1928 मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला.

कसोटी दुसरी : किती वर्षं टिकला?

एखादं वर्ष कोणाचंही असू शकतं. शिखरावर टिकून राहणं अवघड, कारण तोवर सगळ्यांनी तुमच्या डावांचा अभ्यास केलेला असतो. 1961 पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत नरसिंग यादवने 2011, 2012 आणि 2013 अशी सलग तीन वर्षं गदा जिंकली. पाठोपाठ विजय चौधरीने 2014, 2015 आणि 2016 मध्ये तेच करून दाखवलं. बॉक्सिंगमध्ये मेरी कोमचं पहिलं जागतिक विजेतेपद 2002 चं, तर सहावं 2018 चं.

कसोटी तिसरी : वजन किती होतं?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. महाराष्ट्र केसरीची गदा 86 ते 125 किलो वजनाच्या खुल्या गटात दिली जाते. म्हणजे 57 किलोचा मल्ल कितीही तरबेज असला, तरी या गदेच्या शर्यतीतच नसतो.

आणि महाराष्ट्राच्या कुस्तीतलं सर्वात मोठं यश नेमकं हलक्या वजनातलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 57 किलो गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला 1996 पर्यंत, म्हणजे 44 वर्षं थांबावं लागलं. ते टेनिसपटू लिअँडर पेसने आणलं.

अलीकडचं उदाहरण बीड जिल्ह्यातल्या राहुल आवारेचं. त्याने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य जिंकलं. गदा हीच एकमेव मोजपट्टी धरली, तर खाशाबा आणि राहुल दोघेही यादीबाहेर जातील!

बॉक्सिंगने यावर उपाय काढला. 'सगळे एकाच वजनाचे असते, तर कोण जिंकला असता?' असा विचार करून वेगवेगळ्या गटांतल्या बॉक्सरांची तुलना करतात. या मापाने रॉबिन्सनचं नाव अनेक जाणकार अलीच्याही आधी घेतात.

कसोटी चौथी : काळ आणि नियम कोणते होते?

मातीतली पारंपरिक कुस्ती निकाली असते. पाठ टेकली की चीतपट, मग पाच मिनिटं लागोत की तास. मॅटवर मात्र तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि गुण मोजले जातात. दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तिथेच संपते. मातीत दम आणि ताकद जास्त लागते, मॅटवर चपळाई आणि गुणांचं गणित. त्यामुळे गामा आजच्या मॅटवर जिंकला असता का, या प्रश्नाला खात्रीचं उत्तर नाही. प्रत्येकाला त्याच्या काळातल्या स्पर्धकांशी ताडून पाहणं हाच त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग.

कसोटी पाचवी : कुठून कुठवर आला?

खाशाबा 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटची सवय नव्हती. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. पदक आणूनही सरकारी कौतुक फारसं वाट्याला आलं नाही. 1984 मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, 2000 सालचा. म्हणजे मल्ल किती मोठा आहे, हे त्याच्या हयातीत मिळालेल्या सन्मानांवरूनही ठरत नाही.

मग हर्षवर्धन सदगीर कुठे बसतो?

एक गदा जिंकणारा मल्ल उत्तम असतोच, कारण राज्यभरातून त्या वर्षी तो एकटाच उरलेला असतो. माजी विजेत्याला हरवून ती मिळवली, म्हणून पहिल्या कसोटीवर सदगीर चांगला उतरतो. दुसऱ्या कसोटीवर नरसिंग आणि विजय त्याच्या पुढे आहेत. आणि खाशाबांच्या शेजारी बसायचं तर राज्याबाहेरचं, देशाबाहेरचं मैदान मारावं लागतं. ही उतरंड लक्षात घेतली, की कोणाला कमी न लेखताही तुलना करता येते.

पुढच्या वेळी ग्रुपवर 'सर्वात महान पैलवान कोण' असा वाद पेटला, तर नाव घेण्याआधी एवढंच विचारा : कोणत्या वजनात, कोणत्या काळात आणि कोणाविरुद्ध?