रुफैदांचा तंबू आणि नर्सिंगची नीती

गेल्या वर्षी माझ्या भाचीने बारावीनंतर नर्सिंगला जायचं ठरवलं, तेव्हा घरात बैठकच बसली. तिच्या शिकण्याला कुणाचा विरोध नव्हता. विरोध होता रात्रपाळीला आणि परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावण्याला. "डॉक्टर होणार असती तर गोष्ट वेगळी होती," अम्मी म्हणाली. डॉक्टरही रुग्णाला हात लावतातच. म्हणजे आमचा खरा आक्षेप स्पर्शाला नव्हता, त्या कामाला आपण दिलेल्या दर्जाला होता. म्हणून मी त्या दिवशी घरात जे सांगितलं, ते इथे मांडतो.

हिजरी सन ५, म्हणजे इ.स. ६२७. खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (र.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिदे नबवीतच एका तंबूत ठेवायला सांगितलं, म्हणजे जवळून विचारपूस करता येईल. तो तंबू अस्लम कबिल्यातील रुफैदा यांचा होता. इब्न इसहाक यांच्या प्रेषितचरित्रात त्यांची ओळख मोजक्या शब्दांत येते. त्या जखमींवर उपचार करत आणि ज्यांचं पाहणारं कुणी नाही, अशांची सेवा सवाबच्या भावनेने स्वतःहून करत. साद अखेर वाचले नाहीत. पण मस्जिदीच्या आवारात एक स्त्री परक्या जखमी पुरुषांची शुश्रूषा करत होती आणि ते काम प्रेषितांच्या संमतीने चाललं होतं, ही नोंद मात्र उरली. दिल्लीच्या जामिया हमदर्दमधील नर्सिंग कॉलेजला रुफैदांचं नाव मिळालं, ते याच इतिहासामुळे.

आज भाचीच्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्राचा भाग आहे. बोशँप आणि चिल्ड्रेस या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ साली मांडलेली चार तत्त्वं त्यात असतात: रुग्णाच्या इच्छेचा मान, त्याचं हित, त्याला अपाय न करणं आणि सर्वांना न्याय. वाचायला सोपी वाटतात. पण वॉर्डात ती एकमेकांवर आदळतात.

याचं सर्वांत कठीण उदाहरण मुंबईत घडलं. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. गळा आवळल्यामुळे मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. हळूहळू नातेवाइकांचं येणं थांबलं. वॉर्ड क्रमांक ४ मधल्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कुशीवर वळवलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरीने काम उचललं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणांना शय्याव्रण झाले नाहीत, ही एकच गोष्ट त्या सेवेचा दर्जा सांगते.

पुढे पत्रकार पिंकी विराणी यांनी हे जगणं थांबवू द्यावं, अशी याचिका केली. परिचारिकांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्याच निकालाने, कडक अटींवर, उपचार थांबवण्याची वाटही देशात पहिल्यांदा मोकळी केली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणांचं निधन झालं.

परिचारिकांची बाजू मला रुफैदांच्या तंबूतली वाटते: ज्याचं कुणी नाही, त्याचे आम्ही. पण विराणींचा प्रश्नही टाळता येत नाही. अरुणांना स्वतःला काय हवं होतं? ते विचारायची सोयच उरली नव्हती. पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. सेवा करणाऱ्याची माया कितीही खरी असली, तरी रुग्णाच्या इच्छेची जागा ती घेऊ शकत नाही. आणि इच्छा कळण्याचा मार्ग बंद झाला, तरी त्याला टाकून जाता येत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळणाऱ्या कामाला आपण दुय्यम कसं म्हणतो?

माझं बोलणं संपल्यावर अम्मी थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "त्या रुफैदांना रात्रपाळी होती का?"

मी म्हटलं, "अम्मी, तंबूच त्यांचा होता. दिवस काय, रात्र काय, जखमी येईल तेव्हा पाळी."

भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे. रात्रपाळी असली की तिचा डबा अम्मीच भरते.