पिकाच्या नावावरची बंदूक

आमच्या कर्जत तालुक्यात बंदूक ही काही नवलाई नव्हती. मोठं खटलं असलेल्या घरात, पाटलाच्या वाड्यात, नाहीतर पेन्शनीवर आलेल्या फौजीकडं एखादी असायचीच. कशासाठी घेतली म्हणून विचारलं तर कागदावरचं उत्तर बहुतेकांचं एकच, पिकाच्या राखणीसाठी. आमच्या घरातही ती पिकाच्याच नावावर आली. त्या पिकाचं आणि बंदुकीचं पुढं काय झालं, ते सांगण्यासारखं आहे.

हत्यारांचा कायदा इंग्रजांनी 1878 साली केला, लॉर्ड लिटनच्या वेळेला. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1875 साली, सावकारांच्या विरुद्ध कुणबी उठले होते. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरुवात झाली आणि ते लोण आमच्या कर्जत, श्रीगोंदा, पारनेर, नगर या तालुक्यांत आलं. लोकांना सावकाराचा जीव नको होता, कर्जाचे रोखे हवे होते, आणि ते त्यांनी जाळले. त्याला बंदूक लागत नाही. पण 1878 नंतर देशी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची सोय उरली नाही. गोऱ्यांना मात्र सूट. शेतकऱ्याच्या हातात राहिली ती गोफण.

आमच्या आज्याकडं ठासणीची बंदूक होती, परवान्याची. ती मी चालताना पाहिली नाही, पण भरायची कशी ते आजा हातवारे करून दाखवायचा. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासायचं. मागं टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. एवढं होईस्तोवर रानडुक्कर बांध ओलांडून घरी जाऊन झोपलेलं असायचं, असं आजाच म्हणायचा. पावसाळ्यात दारू सर्दायची. मग घोडा नुसता टक् करायचा.

त्या बंदुकीची एकच मोठी गोष्ट घरात सांगितली जायची, ती 1948 ची. शेजारचा आष्टी तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या धास्तीनं हद्दीवरच्या गावांतली माणसं रात्र रात्र जागायची. आजा बंदूक घेऊन मारुतीच्या देवळापुढं बसायचा, बाकीचे काठ्या-कुऱ्हाडी घेऊन. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला. आजानं त्या दिवसांत एकही बार काढला नाही. "बंदूक हाय येवढं समद्यांना ठावं होतं, तेवढंच पुरलं," म्हणायचा.

स्वातंत्र्यानंतर 1959 साली नवा कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. त्यात शेतकऱ्यासाठी चांगलं कलम होतं. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक द्यावी. या कलमाच्या जोरावर आमच्या वडिलांनी, दादांनी, बारा बोअरची दुनळी घेतली. बारा बोअर म्हणजे त्या नळीत चपखल बसणारे शिशाचे बारा गोळे केले तर त्यांचं वजन एक पौंड भरतं. हे मला दहावी पास झाल्यावर कुणीतरी सांगितलं, तोवर मी बारा काडतुसं समजत होतो.

दुनळीला दोन चाप. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. डावी नळी तोंडाशी किंचित आवळलेली, त्यामुळं तिचे छर्रे लांबवर एकत्र जातात. म्हणून जवळच्याला उजवी, लांबच्याला डावी. लांबचं म्हणजे तरी किती, चाळीस-पन्नास पावलं. त्याच्या पुढं छर्रा पोचतो, पण काम करत नाही. काडतुसं खडकीच्या कारखान्याची, शक्तिमान छापाची. जुनी कागदी काडतुसं आमच्या ओल्या माळवदात फुगायची आणि नळीत अडकून बसायची, मग दादा ती पिठाच्या डब्यात ठेवायला लागले. आई त्या डब्याला हात लावायची नाही. पुढं प्लास्टिकची आली आणि हा घोर गेला.

आता 1972. त्या साली आमच्याकडं पीकच नव्हतं, राखायचं काय? सगळा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता. आणि त्याच साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. म्हणजे 1959 च्या कायद्यानं पिकासाठी बंदूक दिली आणि 1972 च्या कायद्यानं, ज्याच्यापासून पीक राखायचं त्याच्यावर ती चालवायला बंदी केली. दोन्ही कायदे आपापल्या जागी खरे आहेत. शिकारी लोक जीपगाड्या घेऊन यायचे आणि दिव्याच्या झोतात माळावरची हरणं कशी पाडायचे ते मी लहानपणी पाहिलंय. तो कायदा झाला नसता तर आज माळावर शेळ्यांशिवाय काही दिसलं नसतं. पण शेतकऱ्याच्या परवान्यावर शब्द तेच राहिले, पिकाची राखण.

1980 साली आमच्याच तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य झालं. क्षेत्र 2.17 चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत हरीण मावणार कसं? रात्री कळप बाहेर पडतो आणि हरभऱ्याचे, मुगाचे कोवळे शेंडे खुडून पहाटे परत जातो. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आतल्या परवानाधारकानं वनखात्याकडं नावाची नोंद करायची आणि नवा परवाना वनखात्याच्या संमतीशिवाय द्यायचा नाही, असाही नियम आहे. आमचं गाव त्या दहात बसतं. दादा नोंद करून आले आणि म्हणाले, "आता ही फक्त आवाजाची बंदूक."

आणि खरोखर तसंच झालं. आभाळाकडं तोंड करून एक बार काढला की कळप उठायचा. चार-पाच रात्री. मग हरणांना कळायचं की आवाजामागं काही येत नाही. ती मान वर करायची, बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. एका काडतुसाच्या पैशात किती शेर हरभरा येतो याचा हिशेब आईनं एकदा मांडला, तेव्हापासून दादांनी पत्र्याचा डबा वाजवणं सुरू केलं.

आमच्या गावातली सगळ्यात नवी बंदूक एका निवृत्त फौजीची. त्यांना आम्ही नाना म्हणतो. बँकेत रखवालदाराची नोकरी मिळावी म्हणून त्यांनी पंप ॲक्शन घेतली. नळी एकच, तिच्याखाली दुसरी नळी काडतुसं साठवायला. पुढची मूठ मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढं ढकलली की नवं आत. नाना म्हणतात, "मूठ अर्धवट ओढायची न्हाई. घाबरलेला माणूस अर्धवटच ओढतो, आणि मग काडतूस मधीच अडकतं." बँकेच्या दारात वीस वर्षं उभे राहिले, एकदाही चालवायची वेळ आली नाही. त्या बंदुकीनं त्यांच्या पोरीचं लग्न केलं, असं मी म्हणतो.

मागं पुतण्यानं मोबाईलवर मला एक इटलीची बंदूक दाखवली, फ्रांकी कंपनीची स्पास-12. "आप्पा, हिला दोन्ही येतंय. आपोआप बी भरती आन् पंपानं बी." तिची युक्ती मला आवडली. बार उडाल्यावर दारूचा जो वायू होतो त्याच्याच जोरानं पुढचं काडतूस आत येतं, चाप ओढत राहायचा. पण अश्रुधुराचं किंवा रबरी काडतूस कमी जोराचं असतं, त्याच्यानं यंत्र हलत नाही. तेव्हा मुठीतलं बटण दाबून ती हातानं चालवायची. पोलिसांसाठी, फौजेसाठी केलेली. वजन चार किलोच्या वर. असली बंदूक आमच्या भागात कुणाकडं मी पाहिली नाही. आजाची ठासणीची एका बारानंतर पाच मिनिटं मागायची, ही श्वास घेऊ देत नाही. पुतण्याला म्हटलं, "येवढ्या लवकर मारायचं कुणाला, ते सांग."

तो म्हणाला, "बिबट्याला."

त्याचं चुकत नाही. माझी बहीण संगमनेर तालुक्यात दिलेली आहे. तिकडं धरणं झाली, पाट आले, ऊस झाला आणि उसात बिबट्या राहायला आला. अकोले तालुक्यात विद्या अत्रेयांनी शेतशिवारात कॅमेरे लावून मोजणी केली, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. तिथं अभयारण्य नाही, नुसती शेती. आता आमच्याकडंही ऊस वाढला, तशी पायाचे ठसे दिसल्याची बोंब होते. शेतीपंपाची वीज रात्रीची आली की माणसाला बारं धरायला उसात जावंच लागतं. पोरं म्हणतात, सरकारनं बंदुका द्याव्यात.

मी बंदूक बाळगणारा माणूस आहे, म्हणून सांगतो. रात्री उसात चार हातांपलीकडं दिसत नाही. एका हातात बॅटरी, एका हातात फावडं. बंदूक धरायची कुठल्या हातानं? पाचट वाजलं की माणूस आवाजाच्या रोखानं चाप ओढणार, आणि तिकडं शेजारचा भाऊबंद पाणी धरून उभा असणार. बिबट्या जखमी होऊन उसात शिरला तर दुसऱ्या दिवशी तोडणीवाल्यांच्या कोपीतल्या लेकरांचं काय? कायद्यानं तर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मारताही येत नाही. माझं मागणं बंदुकीचं नाही, दिवसाच्या विजेचं आहे. माझ्या भाच्यानं ऊस कमी करून डाळिंब लावलं, गोठ्याला जाळी मारली आणि पोरांना अंधार पडल्यावर अंगणाबाहेर सोडायचं बंद केलं. त्याच्याकडं बंदूक नाही.

डुकरासाठी आता सोलरची झटका मशीन आलीय, तिचा उपयोग होतो. काहींनी प्लास्टिकच्या पाईपाची कार्बाईड गन केली. तिला परवाना लागत नाही म्हणून ती सगळ्यांना बरी वाटते. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यानं कितीतरी लेकरांचे डोळे गेले. आमच्या घरात मी ती येऊ दिली नाही.

दादांच्या मागं दुनळी माझ्या नावावर झाली. 2019 साली कायदा बदलला, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली. माझ्याकडं एकच, त्यामुळं फरक पडला नाही. पंचवीस वर्षं बंदूक बाळगली की ती वारसाच्या नावावर करता येते. मी पोराला विचारलं. तो म्हणाला, "दादा, नूतनीकरणाला खेटे, निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, निकाल लागला की परत आणा. कोण करणार?" सुनेनं तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नातवंडं आहेत, घरात नको.

परवान्यावर जिल्हा अहमदनगर आहे, आता तो अहिल्यानगर झालाय, तेही नूतनीकरणात बदलून घ्यावं लागेल. मुदतीला अजून सात महिने आहेत. सध्या बंदूक निवडणुकीपायी पोलीस ठाण्यात जमा आहे आणि तिची पावती आईच्या पिठाच्या डब्यात ठेवलीय. यंदा हरभरा बरा आहे. रोज रात्री दहा-बारा हरणं येतात, आणि मी डबा वाजवतो.