‘कोणतीही मोटार’ आणि मोटरहोम : एका विमा-मसुद्यावरील भाष्य

अमेरिकेत घरगुती मोटारीसाठी घेतल्या जाणाऱ्या विम्याचा एक प्रमाण मसुदा आहे. इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस, म्हणजे आयएसओ, ही संस्था तो तयार करते. मसुद्याचा क्रमांक पीपी ०० ०१. अनेक मोठ्या कंपन्या स्वतःची शब्दयोजना वापरतात, पण तिचा सांगाडा बहुधा याच्याशी जुळतो. पुढे घेतलेल्या ओळी प्रामुख्याने या मसुद्याच्या २००५ च्या आवृत्तीतल्या आहेत. त्या मी अर्थानुसार मराठीत मांडल्या आहेत. शेवटची ओळ वेगळ्या दस्तऐवजातली आहे, ते तिथे सांगितलेच आहे.

या ओळी वाचण्याचे निमित्त असे. यलोस्टोन किंवा योसेमिटीला कुटुंबकबिल्यासह जायचे, आईवडील भारतातून आलेले, जेवण गाडीतच करता यावे म्हणून मोटरहोम घ्यायचे, हा बेत अमेरिकेतल्या मराठी घरांत आता नवा राहिलेला नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीकडून न घेता एखाद्या खासगी मालकाकडून घेतली तर बरेचदा स्वस्त पडते, गाडीही हौसेने सजवलेली मिळते. आरव्हीशेअर (स्थापना २०१३) आणि आउटडोअर्सी हे अशा मालकांना आणि भाडेकरूंना जोडणारे मोठे मंच. अडचण विम्याची असते. मालकाची एक पॉलिसी असते आणि भाडेकरूची स्वतःच्या मोटारीची दुसरी. दोघेही प्रामाणिकपणे समजतात की यांतली एक तरी कामाला येईल. मसुदा ओळीओळीने वाचला की दिसते, या एका व्यवहारापुरत्या दोन्ही पॉलिसी नेमक्या मोठ्या खर्चाच्या जागी हात काढून घेतात.

पहिली ओळ : ‘विमेदार म्हणजे तुम्ही किंवा कुटुंबातील कोणतीही व्यक्ती, कोणत्याही मोटारीच्या किंवा ट्रेलरच्या मालकी, देखभाल वा वापराबाबत.’

ही ओळ लायबिलिटीच्या, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याच्या भरपाईच्या भागातली आहे. ‘कोणत्याही’ या पदाला इथे मर्यादा नाही. पुढे मसुदा चारांपेक्षा कमी चाकांची आणि मुख्यतः रस्त्याबाहेर चालवायची वाहने वगळतो. तीस फुटी मोटरहोम या दोन्हींत बसत नाही. म्हणून भाड्याचे मोटरहोम चालवताना दुसऱ्याच्या गाडीला धडक बसली, त्यातले लोक जखमी झाले, तर या मसुद्यानुसार भाडेकरूची स्वतःची लायबिलिटी पॉलिसी उभी राहते. ‘माझा विमा माझ्याबरोबर फिरतो’ ही समजूत इथून निघते, आणि इथपर्यंत ती खरी आहे.

मात्र ‘कुटुंबातील व्यक्ती’ हे पद जपून वाचावे. मसुद्याच्या व्याख्येत नाते पुरत नाही, त्याच घरात वास्तव्यही लागते. समजा फ्रीमाँटच्या एका जोडप्याकडे ठाण्याहून धाकटा दीर सुट्टीला आला आहे. वहिनींची रोजची गाडी परवानगीने चालवताना तो विमेदार ठरतो, कारण पॉलिसीत नोंदवलेली मोटार वापरणारा कोणीही विमेदार असतो. तोच दीर भाड्याच्या मोटरहोमच्या चाकामागे बसला की ही वाट बंद होते. मोटरहोम ‘तुमची नोंदवलेली मोटार’ नाही, आणि तो त्या घरचा रहिवासी नाही. दोन-तीन कुटुंबे मिळून निघाली असतील तर प्रत्येक चालक आपापल्या पॉलिसीवर अवलंबून असतो. ज्याची अमेरिकेत पॉलिसीच नाही त्याच्या पाठीशी यातली एकही ओळ उभी नाही. आळीपाळीने गाडी चालवायचा बेत करणाऱ्यांनी हे निघण्यापूर्वी बघावे.

दुसरी ओळ : ‘विमेदाराने भाड्याने घेतलेल्या, त्याच्या वापरातील किंवा त्याच्या ताब्यातील मालमत्तेच्या नुकसानीसाठी हे संरक्षण नाही.’

पहिल्या ओळीने जे दिले त्याची कड इथे ठरते. भाड्याने घेतलेले मोटरहोम हीच ती ‘भाड्याने घेतलेली मालमत्ता’. दुसऱ्याच्या गाडीचे नुकसान लायबिलिटीतून भरले जाईल, पण मोटरहोमचे स्वतःचे नाही. यात अन्याय नाही. ताब्यातल्या वस्तूच्या नुकसानीसाठी मसुद्यात वेगळा भाग ठेवलेला आहे. आपल्याला त्या भागाकडे जावे लागते, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

तिसरी ओळ : ‘तुमच्या मालकीची नसलेली मोटार म्हणजे तुमच्या किंवा कुटुंबीयांच्या मालकीची नसलेली, नेहमीच्या वापरासाठी उपलब्धही नसलेली, पण तुमच्या ताब्यात असलेली वा तुम्ही चालवत असलेली खासगी प्रवासी मोटार, पिकअप, व्हॅन किंवा ट्रेलर.’

वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा हा भाग कोलिजन, म्हणजे धडकेने झालेली हानी, आणि त्याखेरीजची हानी असा विभागलेला असतो. या व्याख्येत बसणाऱ्या परक्या मोटारीला तुमच्या स्वतःच्या गाडीवर असलेले सर्वांत व्यापक संरक्षण मिळते. विमानतळावर घेतलेल्या भाड्याच्या सेडानला लोक ज्या आधारावर वेगळा विमा नाकारतात, तो आधार हाच.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो. मोटरहोमचा एक वर्ग, ज्याला क्लास बी म्हणतात, मुळात व्हॅनच्या सांगाड्यावरच बांधलेला असतो. मर्सिडीज स्प्रिंटर, फोर्ड ट्रान्झिट, रॅम प्रोमास्टर यांच्या आत पलंग, शेगडी, सिंक बसवले की झाले. मग हे वाहन ‘व्हॅन’ नाही असे कोण म्हणेल? प्रश्न बिनबुडाचा नाही. संदिग्ध शब्दाचा अर्थ मसुदा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे विमा-करारांच्या अर्थनिर्णयाचे अमेरिकन न्यायालयांतले रुळलेले तत्त्व आहे. क्लास ए, म्हणजे बसएवढे मोठे वाहन, आणि क्लास सी, म्हणजे चालकाच्या डोक्यावर पलंग असलेले, या दोहोंसाठी मात्र हा युक्तिवाद बराच दुबळा पडतो. आणि वर्ग कोणताही असो, पुढची ओळ प्रश्नच बदलून टाकते.

चौथी ओळ : ‘डेक्लरेशन पेजवर (पॉलिसीच्या तपशीलपत्रावर) न दाखवलेले ट्रेलर, कॅम्पर बॉडी किंवा मोटरहोम, तसेच त्यांतील सोयी व उपकरणे यांच्या हानीसाठी आम्ही भरपाई देणार नाही. तुमच्या मालकीच्या नसलेल्या ट्रेलरला व त्यातील सोयींना हा अपवाद लागू नाही.’

साऱ्या भाष्याचा मध्य हा आहे. मीमांसेच्या भाषेत तिसरी ओळ हा उत्सर्ग, म्हणजे सर्वसाधारण नियम, चौथीचे पहिले वाक्य हा अपवाद आणि दुसरे वाक्य हा प्रतिप्रसव, म्हणजे अपवादाने जे काढून घेतले ते एका ठिकाणी परत देणे. परत काय दिले, कुणाला दिले, हे अक्षर न अक्षर बघायला हवे. परक्या मालकीच्या ट्रेलरला परत दिले. परक्या मालकीच्या मोटरहोमला दिले नाही. अपवादात तीन नावे होती, प्रतिप्रसवात एकच आले. हे अनवधानाने झाले असे मानायला जागा नाही, कारण नव्याने विकत घेतलेल्या ट्रेलर आणि कॅम्पर बॉडीसाठी मसुदा आणखी एक सवलत देतो, चौदा दिवसांत कंपनीला कळवण्याच्या अटीवर, आणि तिथेही मोटरहोमचे नाव नाही.

व्यवहारात याचा परिणाम असा. शेजाऱ्याचा ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने घेऊन आपल्या गाडीमागे जोडला, तर स्वतःच्या पॉलिसीत कोलिजन असल्यास या मसुद्यानुसार त्या ट्रेलरच्या नुकसानीची भरपाई मागता येते, पण कमाल १,५०० डॉलरपर्यंतच. त्याच शेजाऱ्याचे मोटरहोम घेतले तर मागता येत नाही. दोन्हींत झोपायची सोय तीच, प्रवास तोच. फरक फक्त इंजिन कुठे आहे एवढा. ही मर्यादा पाहता, माझ्या मते केवळ या एका ओळीच्या भरवशावर मोटरहोमऐवजी ट्रेलर निवडू नये. शिवाय ओढण्याजोगी गाडी आणि ओढण्याचा सरावही हवा.

क्रेडिट कार्डाचे भाडे-वाहन संरक्षण इथे मदतीला येईल अशी आशा अनेकांना असते. बहुतेक कार्डांच्या अटींत मोटरहोम वगळलेले असतात, आणि अनेकांत खासगी व्यक्तीकडून घेतलेली गाडीही.

पाचवी ओळ : ‘राहण्यासाठी किंवा जागा म्हणून उभ्या केलेल्या वाहनात असताना झालेल्या शारीरिक इजेसाठी वैद्यकीय खर्च दिला जाणार नाही.’

वैद्यकीय खर्चाच्या भागातली ही छोटी ओळ मोटारीच्या पॉलिसीत सहसा कुणी वाचत नाही, कारण मोटारीत कुणी राहत नाही. मोटरहोमचे अर्धे आयुष्य मात्र याच स्थितीत जाते. कॅम्पग्राउंडवर गाडी उभी आहे, वीज-पाण्याची जोडणी झाली आहे, सासूबाई आत भजी तळताहेत आणि उकळते तेल हातावर सांडते. त्या पॉलिसीधारकाच्याच घरात राहत असत्या आणि धावत्या गाडीत अपघात झाला असता, तर या भागातून खर्च मिळाला असता. इथे कंपनी ही ओळ पुढे करील. त्या घरचे रहिवासी नसलेल्या पाहुण्यांना भाड्याच्या मोटरहोममध्ये हा भाग मुळातच लागू होत नाही, म्हणून भारतातून आलेल्यांचा प्रवासी आरोग्य विमा चालू आहे ना हे पाहावे. त्याची मुदत संपलेली असणे ही नेहमीची चूक.

सहावी ओळ : ‘वाहन सार्वजनिक वाहतुकीसाठी वा भाडोत्री वाहन म्हणून वापरले जात असताना उद्भवलेल्या दायित्वासाठी संरक्षण नाही. खर्च वाटून घेणाऱ्या कारपूलला हे लागू नाही.’

आता बाजू मालकाची. आपले मोटरहोम तो पैसे घेऊन देतो, पण चालवतो भाडेकरू. प्रवासी वाहणारी टॅक्सी आणि चालवायला दिलेली गाडी यांत भेद आहे, आणि जुन्या शब्दरचनेवर या भेदाचा वाद घालता येत होता. तो वाद मिटवायला २०१८ च्या आवृत्तीत स्वतंत्र ओळ आली. लेखी कराराने वाहन-सामायिकीकरणाच्या योजनेत नोंदवलेली मोटार, त्या योजनेखाली मालक किंवा त्याच्या कुटुंबीयांखेरीज कोणी वापरत असेल, तर संरक्षण नाही. मोटरहोमसारख्या वाहनांसाठी असलेल्या खास ‘आरव्ही’ पॉलिसींतही गाडी भाड्याने दिलेली असताना संरक्षण नाही असे कलम सर्रास असते. म्हणून ‘माझा फुल इन्शुरन्स आहे’ हे मालकाचे उत्तर मान्य करू नये. त्याला विमा कंपनीचे लेखी पत्र मागावे, ज्यात भाड्याच्या वापरातही वाहनाला संरक्षण आहे असे स्पष्ट लिहिलेले असेल. असा अतिरिक्त विमा विकणाऱ्या कंपन्या आहेत. ज्या मालकाने तो घेतला आहे त्याला पत्र देण्यात अडचण येत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा नियम परिचित वाटेल. आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या पॉलिसीतही भाड्याने वापर वगळलेला असतो, आणि पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन दिली तर परवान्याचा प्रश्नही उभा राहतो. 

सातवी ओळ : ‘तुमच्या मालकीच्या नसलेल्या वाहनासाठी आम्ही देत असलेला विमा इतर कोणत्याही वसूल होऊ शकणाऱ्या विम्यानंतरचा राहील.’

पहिल्या ओळीत मिळालेली लायबिलिटी आधी येते की नंतर, हे ही ओळ ठरवते. आधी गाडीवरचा विमा, तो संपल्यावर चालकाचा. गाडीवरचा विमाच भाड्यामुळे बाद झाला असेल तर चालकाचाच पहिला होतो आणि पूर्ण भार त्याच्यावर येतो. त्या वेळी पॉलिसीची मर्यादा किती हे महत्त्वाचे ठरते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्वांसाठी ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० अशी झाली. त्याआधी ती १५,०००, ३०,००० आणि ५,००० होती. वाढवलेली रक्कमही गंभीर जखमी झालेल्या एका माणसाच्या रुग्णालयीन खर्चाला पुरणे कठीण. कित्येक टन वजनाच्या गाडीने झालेल्या अपघातात किमान मर्यादेवर राहणे धोक्याचे आहे. मूळ मर्यादेच्या वर संरक्षण देणारी अंब्रेला पॉलिसी असेल तर ती भाड्याच्या मोटरहोमला लागू होते का, हे आपल्या एजंटला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

आठवी ओळ : ‘हे संरक्षण मंचावरून केलेल्या बुकिंगपुरते, नोंदवलेल्या चालकांपुरते आणि भाड्याच्या मुदतीपुरते आहे.’

ही ओळ आयएसओच्या मसुद्यातली नाही. मंच प्रत्येक सहलीसाठी जो विमा देतात त्याच्या अटींचा हा माझ्या शब्दांतला सारांश आहे. वरच्या सात ओळींनी उघडी ठेवलेली जागा भरायला बहुतेक भाडेकरूंपुढे व्यवहार्य मार्ग हाच आहे, म्हणून यातले तिन्ही ‘पुरते’ गंभीरपणे घ्यावेत. मंचाचे शुल्क वाचवायला मालक ‘थेट रोख द्या, थोडे कमी करतो’ म्हणाला, तर त्या सवलतीबरोबर पहिला ‘पुरते’ संपतो. ज्या दिराचे नाव चालक म्हणून नोंदवले आणि मंजूर झाले नाही, त्याला एका तासासाठीही चाक देऊ नये. परदेशी लायसन्स चालते का, वयाची अट काय, हे मंचाकडून आधी विचारून घ्यावे.

संरक्षणात काय येत नाही तेही वाचायचे. छताला किंवा वरच्या एसीला लागलेला मार, बाहेर ओढलेले कापडी छत, टायर, आतली मोडतोड यांपैकी काही ना काही बरेचदा वगळलेले असते किंवा त्यासाठी डिडक्टिबल, म्हणजे स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, मोठी असते. छताचा प्रश्न किरकोळ नाही. न्यूयॉर्क परिसरातल्या पार्कवेंवर जुने, ठेंगणे पूल आहेत आणि बॉस्टनच्या स्टॉरो ड्राइव्हवर दहा फुटांची मर्यादा आहे, तर क्लास सी मोटरहोम सहसा त्याहून उंच असते. न्यू जर्सीहून निघणाऱ्याने गाडीची नेमकी उंची मालकाकडून लिहून घ्यावी आणि ती डॅशबोर्डवर चिकटवावी, कारण मोटारीसाठी बनवलेले फोनवरचे नकाशे उंचीचा विचार करत नाहीत.

तिसरा ‘पुरते’ मुदतीचा. डोंगरात बर्फ पडला, रस्ता बंद झाला आणि गाडी ठरलेल्या दुपारऐवजी दुसऱ्या दिवशी पोचणार असेल, तर मालकाला फोन करून तो ‘हो, चालेल’ म्हणाला एवढ्याने विमा वाढतोच असे नाही. मुदत संपण्यापूर्वी मंचावर बुकिंग वाढवून घ्यावे आणि वाढीव तारखेची लेखी पोच हाती आल्यावरच पुढचा रस्ता धरावा.